केस इंटरव्ह्यूच्या कोचला ६० हजार? डोकं फिरलंय का?

घोडबंदरचा_मामा:
सोसायटीच्या ग्रुपवर काल एका ताईंनी लिहिलं, "कोच लावला नसेल तर कन्सल्टिंगचं नावही काढू नका, आमच्या लेकाला त्यामुळेच लागली." खाली अंगठ्यांची रांग. लगेच बहिणीचा फोन: "दादा, दहा सेशनचे ६० हजार मागतायत, भरू का?" भाचा एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कन्सल्टिंग, म्हणजे कंपन्यांना धंद्याचा सल्ला द्यायची नोकरी. तिच्या मुलाखतीत "केस" देतात: धंद्यातला एखादा प्रश्न, तिथेच बोलत-बोलत सोडवायचा.

दहावीला क्लास, बारावीला क्लास, कॅटला क्लास, आता मुलाखतीलाही क्लास! मॅकिन्झी, बीसीजी, बेन या बड्या कन्सल्टिंग कंपन्या, तिघींच्याही वेबसाइटवर सरावाच्या केसेस फुकट आहेत. आयआयएमवाल्यांची केसबुकं, म्हणजे सोडवलेल्या केसेसचे संग्रह, पोरं एकमेकांना पाठवतात. नफा म्हणजे उत्पन्न वजा खर्च, हे आमचा वाणीसुद्धा सांगेल. दोन मित्र समोरासमोर बसा, एकाने केस द्यायची, दुसऱ्याने सोडवायची. झालं.

नेरूळची_सई:
मामा, "झालं" म्हणायला काय जातंय? मैत्रिणीबरोबर चाळीस केसेस केल्या मी. दोघी सारख्याच अडाणी. मॅकिन्झीत मुलाखत घेणारा एकेक प्रश्न पुढे सरकवतो, बीसीजी-बेनमध्ये बहुतेक वेळा गाडी आपणच हाकायची असते. आम्ही एकच पद्धत घोटली. पहिल्याच फेरीत उडाले. मग कोच लावला. दुसऱ्या सेशनला म्हणाला, "तू आकडा काढतेस आणि गप्प बसतेस. क्लायंटने त्या आकड्याचं करायचं काय, ते कोण सांगणार?" चाळीस केसेसमध्ये हे मैत्रिणीला दिसलं नव्हतं. चार सेशन, २४ हजार. पुढच्या वर्षी लागले.

घोडबंदरचा_मामा:
म्हणजे चारच. दहाचं पॅकेज तुलाही लागलं नाहीच.

कोपरीकर:
माझे ४० हजार बुडाले, ते ऐका. "माजी कन्सल्टंट" म्हणवणाऱ्याने दोन महिन्यांची इंटर्नशिप केलेली, हे पैसे भरल्यावर कळलं. प्रत्येक केसला तोच साचा. खऱ्या मुलाखतीत तोच म्हणून दाखवला, तर समोरच्या बाई म्हणाल्या, "पाठ केलंय का?" कहर म्हणजे मॉकमध्ये, म्हणजे सरावाच्या मुलाखतीत, त्याने विचारलं, ठाणे स्टेशनवर रोज वडापाव किती खपतात. पठ्ठ्याचं स्वतःचं उत्तर: ६ लाख प्रवासी, वीसात एक खातो, ३० हजार. वडापावच्या गाड्या धरल्या फक्त पश्चिमेच्या! पूर्वेला काय माणसं राहत नाहीत?

आकडेमोड्या:
पूर्व राहू दे. ६ लाख हा चढणारे-उतरणारे मिळून धरला असेल तर सकाळी गेलेलाच संध्याकाळी परत येतो. माणसं ३ लाख. म्हणजे वडापाव १५ हजार.

कोपरीकर:
पूर्व का राहू दे? आणि वाशी-पनवेलहून येऊन नुसती गाडी बदलणारे?

आकडेमोड्या:
त्यांनाही भूक लागते. उलट बाजूने ताडून बघ. एका घाण्यात ४० वडे. गर्दीचे ६ तास, ताशी ६ घाणे: १,४४०. उरलेले १० तास, ताशी २: ८००. कढईमागे साधारण २,२००. ३० हजारांना चौदा कढया लागतील, १५ हजारांना सात.

घोडबंदरचा_मामा:
सात तर मी डोळे मिटून मोजेन. पण गर्दीत कढईपर्यंत पोचतो कोण? २०२४ मध्ये ६३ तासांचा ब्लॉक घेऊन पाच नंबरचा प्लॅटफॉर्म रुंद केला, तरी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नाही.

कोपरीकर:
घोडबंदरवाल्यांनी गर्दीवर बोलूच नये. सगळे टॉवर तुमचे, रिक्षाच्या रांगाही तुमच्याच.

घोडबंदरचा_मामा:
टॉवर मी नाही बांधला. वनबीएचकेचा हप्ता भरतोय अजून.

नेरूळची_सई:
भांडा तुम्ही. पण कोचची चूक पकडली कोणी? कोपरीकर पूर्व-पश्चिम करत बसले, दुप्पट मोजणी दिसली ती फक्त आकडेमोड्यांना. तुम्ही याच धंद्यातले ना?

आकडेमोड्या:
पाच वर्षं अशा मुलाखती घेतल्यात. ग्रुपवरच्या ताईंचं मलाही पटत नाही. कोचशिवाय आलेली कितीतरी पोरं आम्ही घेतली. मात्र साचा पाठ केलेला तिसऱ्या मिनिटाला कळतो, मग तो कोचने शिकवलेला असो की केसबुकातला.

घोडबंदरचा_मामा:
बरं बाबा, हरलो. बहिणीला सांगतो, आधी पंधरा-वीस केसेस मित्रांबरोबर, मग दोन सेशन, तेही कोचने कुठे, किती वर्षं काम केलं ते विचारून. ६० हजार नाही म्हणजे नाही.

आकडेमोड्या:
भाच्याला शनिवारी तलावपाळीला पाठवा. एक मॉक मी घेतो. वडापाव तुमच्याकडून.

कोपरीकर:
तलावपाळी. म्हणजे परत पश्चिमच.