'मूर्खांचे जहाज': कंजूष आणि भिकारी यांना एकाच नावेत बसवणे न्याय्य होते का?

काळी शाई (धागाकर्ता):
सेबास्टियान ब्रांटचे 'मूर्खांचे जहाज' हे नाना प्रकारच्या मूर्खांना एका जहाजात बसवून त्यांची थट्टा करणारे ११२ प्रकरणांचे जर्मन पद्य १४९४ च्या कार्निव्हलच्या सुमारास बाझेलमध्ये योहान बेर्गमानने छापले. बहुतेक प्रकरणांबरोबर लाकडी ठशाचे चित्र येते आणि त्यांतली बरीच तरुण जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररची असावीत, असे अभ्यासक मानतात. १७ व्या प्रकरणात पैशांपाशी बसलेला मूर्ख आहे आणि त्याच्यापुढे, बायबलात श्रीमंताच्या दारी पडलेल्या लाजरासारखा, गरीब माणूस पडला असून कुत्रे त्याच्या जखमा चाटत आहेत. ६३ व्या प्रकरणात भिकाऱ्याचे कुटुंब आहे. गाढवावरच्या टोपल्यांत मुले कोंबलेली आहेत आणि बायको मागून बाटली तोंडाला लावून चालली आहे. हे पुस्तक लोभाची निंदा करते, असे सांगताना सगळे पहिले चित्र दाखवतात आणि दुसरे सोयीस्करपणे वगळतात. माझे म्हणणे असे की, ही दोन चित्रे एकाच पुस्तकात आली की दान न देणाऱ्याला लाज वाटण्याआधीच 'मागणारे लबाडच असतात' ही सबब त्याच्या हाती पडते. ब्रांट बाझेलला कायदा शिकवत असे आणि १५०१ मध्ये स्ट्रासबुर्गला जाऊन पुढे नगराचा मुख्य लेखनिक झाला. नगराची तिजोरी सांभाळणाऱ्यांच्या बाजूला शोभेल असेच हे नीतिशास्त्र आहे.

दप्तरदार:
धागाकर्त्यांशी असहमत. ६३ वे प्रकरण नुसते पाहू नका, वाचा. भीक मागण्याचा धंदा करणाऱ्यांमध्ये कवी सर्वप्रथम धर्मसंघांतल्या साधूंना धरतो, कारण ते श्रीमंत असूनही गरिबीचे रडगाणे गातात, आणि त्यांच्या पाठोपाठ संतांचे पवित्र अवशेष म्हणून वाटेल ते विकत फिरणाऱ्यांना. मुले उसनी आणून गाढवावर बसवणारा भिकारी त्यानंतर येतो. १७ व्या प्रकरणाच्या आरंभीच्या ओळींतही, जो गरिबाला देत नाही त्याला त्याच्या मागण्याच्या वेळी नकारच मिळेल, असे स्पष्ट बजावले आहे. शिवाय भिकाऱ्यांवरचे निर्बंध या पुस्तकाने आणले नाहीत. न्युरेंबर्ग या जर्मन नगराने १४७८ मध्येच भिकाऱ्यांना परवाना आणि बिल्ला सक्तीचा केला होता आणि प्रार्थना पाठ असण्याची अटही घातली होती. जो संशय आधीपासून बाजारात फिरत होता, त्याचे बिल एका चित्राच्या नावे फाडणे बरोबर नाही.

काळी शाई:
आपण वाचा म्हणता, तिथेच माझा मुद्दा सुरू होतो. ज्याला वाचता येत नाही त्याने चित्रांत स्वतःचे रूप ओळखावे, असे ब्रांट प्रस्तावनेत स्वतःच म्हणतो. मग ६३ व्या प्रकरणाच्या चित्रात साधू कुठे आहे? अवशेष विकणारा कुठे आहे? पद्यात ज्यांच्यावर सर्वांत आधी बोट ठेवले, ते चित्रातून गायब आहेत आणि उरले ते फक्त गाढव, मुले आणि दारू पिणारी बायको. निरक्षर माणसाच्या पदरात नेमका हाच अर्धा भाग पडला. ज्याच्याविरुद्ध बोलायला धाडस लागते, तो आरोपी अक्षरांत लपला आणि ज्याला कोणीही हसू शकतो तो ठशावर आला.

उभी रेघ:
मुद्दा चांगला आहे, परंतु तो ठशाच्या कलेच्या मर्यादेकडे दुर्लक्ष करतो. एका ठशात एकच प्रसंग नीट मावतो. इतक्या प्रकारचे ठग एकत्र उभे केले असते तर कोण कोण आहे हेच कळले नसते. आणि स्ट्रासबुर्गचा धर्मोपदेशक गायलर फॉन कायझर्सबेर्ग आपण का विसरता? त्याने १४९८ पासून तिथल्या कॅथेड्रलमध्ये याच पुस्तकावर प्रवचने दिली आणि त्याच गायलरने १५०१ मध्ये नगरपरिषदेपुढे २१ कलमे मांडताना खऱ्या गरिबांच्या पोषणाची जबाबदारी नगराने घ्यावी, अशी मागणी केली. लबाड भिकाऱ्यावर बोट ठेवणारा माणूस गरिबांचा वैरी असलाच पाहिजे, असे नाही. (मुखपृष्ठे पाहून मते बनवण्याची आपली सवय मात्र त्या काळाइतकीच जुनी दिसते.)

काळी शाई:
एकच प्रसंग मावतो हे मान्य; पण कोणता प्रसंग निवडला, याचेही उत्तर द्यावे लागते. ७१ वे प्रकरण पाहा: मूर्ख न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी बांधतो आहे. कायदा शिकवणाऱ्या ब्रांटनेच न्यायालयाची थट्टा केली म्हणून त्या चित्राचे कौतुक होते; पण तिथला मूर्ख हा कोर्टाची पायरी चढणारा भांडखोर आहे, न्यायाधीश नव्हे. त्याच्या शेजारी चित्रकार हान्स होलबाइनच्या 'मृत्युनृत्य' या, मृत्यू सर्व थरांतल्या माणसांना गाठतो असे दाखवणाऱ्या चित्रमालिकेतला न्यायाधीश ठेवा. त्या मालिकेचे ठसे हान्स ल्युट्झेलबुर्गरने कोरले. तो १५२६ मध्ये वारला आणि पुस्तक १५३८ मध्ये फ्रान्समधल्या लिऑनला निघाले. त्यात न्यायाधीश श्रीमंताकडून पैसे घ्यायला हात पुढे करतो, गरीब बाजूला उभा राहतो आणि मृत्यू न्यायाधीशाची काठी काढून घेतो. तोही एकच प्रसंग आहे आणि तोही लाकडावरच कोरलेला आहे.

दप्तरदार:
होलबाइनची तुलना अन्यायाची आहे. मधल्या काळात चर्चविरुद्ध उभा राहिलेला धर्मसुधारक ल्यूथर पुढे आला होता आणि अधिकाऱ्यांवर उघड टीका करणारी चित्रे छापखान्यांतून सर्रास निघू लागली होती. १४९४ मध्ये ब्रांटने पहिल्याच प्रकरणात पुस्तकांच्या ढिगात बसलेल्या, न वाचणाऱ्या विद्वानाला जहाजाच्या अग्रभागी बसवले आणि त्याला 'मी' म्हणून बोलायला लावले. स्वतःच्या वर्गाला आधी मूर्ख म्हणवून घेणारा माणूस भिकाऱ्यावर हसतो, तेव्हा त्या हसण्याचे वजन मोजताना एवढे तरी त्याच्या बाजूला टाकावे.