मक्याच्या मुरघासाला कुजका वास येतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मक्याचा मुरघास (हिरवा चारा कापून, हवाबंद करून आंबवलेला) खड्ड्यात भरला होता, ५० दिवसांनी तोंड उघडलं तर वरचा थर ठीक आहे पण खाली जसजसं जावं तसा आंबटगोड वास जाऊन कुजल्यासारखा वास येतो, रंग काळपट हिरवा, हाताला चिकट लागतो आणि तळाशी पाणी साचलंय. बुरशी कुठेच नाही.

कापणी कणसातला दाणा दुधाळ असतानाच केली होती, पाऊस येईल म्हणून घाई झाली. कुट्टी साधारण २ सेंमीची, ट्रॅक्टरने थराथराने दाबली, प्लॅस्टिक कुठेही फाटलेलं नाही, त्यामुळे हवा शिरली असं वाटत नाही. कल्चर (चारा नीट आंबवणारे जिवाणू) पण टाकलं होतं. भरताना कुट्टी मुठीत पिळली की पाणी थेंब थेंब गळायचं, तेव्हाच थांबायला हवं होतं, कारण मक्यात कोरडा भाग ३० ते ३५ टक्के लागतो हे नंतर वाचलं.

खराब भाग जनावरांना घालणार नाहीच, गाभण गाई आहेत, धोका पत्करायचा नाही.

पुढच्या वेळी पण पावसाचाच अंदाज असेल आणि दाणा अजून दुधाळच असेल तर मका कापून काही तास शेतातच सुकवून कुट्टी करावी, की ओल्या कुट्टीत कोरडा कडबा मिसळून भरावं? मिसळायचा तर १ टन ओल्या कुट्टीला किती किलो, आणि कडबा मिसळल्यावर दाब नीट बसतो का?