९८००एक्स३डी + ५०८० : यादी तपासून द्या (घाटंजी, जि. यवतमाळ)

पऱ्हाटी७७

राजेहो, पुढच्या महिन्यात गेमिंगची मशीन (पीसी) बांधायची आहे. १४४०पी मॉनिटरवर खेळायचं. यादी अशी:

प्रोसेसर रायझन ७ ९८००एक्स३डी. बी६५० मदरबोर्ड, स्वस्तात मिळतो आहे. रॅम डीडीआर५ ६४००, १६ जीबीच्या चार स्टिक. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०८०, तीन पंख्यांचं, लांबी ३४४ मिमी. ७५० वॅटचा गोल्ड एसएमपीएस (पॉवर सप्लाय), जुना, नव्या कार्डाची केबल त्यात नाही. ३६० मिमीचा एआयओ (प्रोसेसरचा पाण्याचा कूलर), समोरून लावणार. कॅबिनेटवर कार्डासाठी ३८० मिमी जागा लिहिली आहे. १००० व्हीएचा यूपीएस.

घर गावठाण फीडरवर आहे, तरी संध्याकाळी दिवे मंद होतात. घरात ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आहे. मशीन त्यावरच टाकली तर यूपीएसचे पैसे वाचतील का?

सॉकेट_सरपंच

प्रोसेसर आणि कार्डाची जोडी हलवू नका. बाकीच्यांत भांडणं आहेत.

आधी रॅम. एएम५ वर (या प्रोसेसरचं सॉकेट) चार स्टिक टाकल्या की एवढा वेग मेमरी कंट्रोलरला झेपत नाही. चार स्टिकसाठी प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीचा स्वतःचा आकडा ३६०० चा आहे. पाकिटावर ६४०० छापलं असलं तरी त्या वेगाला मशीन बहुतेक बूटच होणार नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे बूट होईल आणि खेळता खेळता गेम बंद पडेल. मग तुम्ही कार्डाला दोष देत बसाल. ३२ जीबीच्या दोनच घ्या, ६००० सीएल३०, एक्स्पोवाल्या (म्हणजे बायोसमध्ये एका क्लिकवर छापील वेग लागणाऱ्या), एकाच पाकिटातल्या. प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा. पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळी राहते, तेव्हा रॅमचं ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो ते) सुरू असतं. घाबरून स्विच मारू नका.

बी६५० बोर्ड २०२२ चे, ९००० मालिका २०२४ ची. दुकानात पडून राहिलेल्या बोर्डात जुना बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) असला तर प्रोसेसर ओळखला जाणार नाही. बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का ते आधी बघा. असेल तर प्रोसेसर न लावताही काम होतं: पेनड्राइव्ह एफएटी३२ करायचा, फाइलला मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव द्यायचं, खूण केलेल्या पोर्टमध्येच लावायचा, दिवा लुकलुकणं थांबेपर्यंत हात लावायचा नाही. बटण नसेल तर बी८५० घ्या, हा प्रश्नच येत नाही. महागड्या एक्स८७०ई बोर्डावर पैसे घालवू नका. ५०८० पीसीआयई ५.० चं (कार्ड लावायच्या खाचेची नवी पिढी) असलं तरी ४.० च्या खाचेत फरक नगण्य पडतो. एक मात्र मॅन्युअलमध्ये वाचा: काही बोर्डांवर दुसरी एम.२ एसएसडी लावली की कार्डाच्या १६ लेनच्या (डेटाच्या वाटा) ८ होतात.

आता कॅबिनेट. रेडिएटर २७ मिमी, पंखे २५, म्हणजे ५२ गेले. ३८० मधून ५२ वजा केले की उरतात ३२८, आणि कार्ड ३४४ चं. बसणार नाही. एआयओ वर लावा किंवा काढूनच टाका.

एसएमपीएस बदला. ५०८० एकटं ३६० वॅट ओढतं, क्षणभर त्याच्याही वर जातं. एनव्हीडियाचीच शिफारस ८५० ची आहे. कार्डासोबत तीन ८-पिनांचा अडॅप्टर येतो, आणि बऱ्याच जुन्या सप्लायला एकाच वायरीवर दोन डोकी असतात, म्हणजे दोन डोक्यांचा भार एका वायरीवर. एटीएक्स ३.१ चा (सप्लायचं नवं मानक) ८५० किंवा १००० घ्या, १२व्ही-२x६ (नव्या कार्डाची) केबल सोबत आलेली. केबल आत गेल्यावर टॉर्च मारून बघा, कार्ड आणि प्लग यांच्यात फट दिसता कामा नये. प्लगपासून ३५ मिमीपर्यंत वायर सरळ, वाक त्याच्या पुढे. हे कनेक्टर वितळतात त्याचं मोठं कारण अर्धवट बसवणं हेच. आणि जुन्या सप्लायच्या मॉड्युलर वायरी नव्याला लावू नका. प्लग बसतो पण पिनांचा क्रम वेगळा असतो, एसएसडी जळू शकते.

न्यूट्रल_भाऊ

पार्ट जुळले म्हणजे झालं असं नाही भाऊ, लाईन पण जुळा लागते.

हिशोब करा. कार्ड ३६०, प्रोसेसर गेममध्ये १०० धरा, बाकी ६०, झाले ५२०. सप्लायचा तोटा धरून भिंतीतून ५८०, मॉनिटर मिळून ६३०. हजार व्हीएचे बरेच यूपीएस ६०० वॅटचेच असतात. लाईन गेली की तो टी-टी करून त्याच सेकंदाला बंद. १५०० व्हीए/९०० वॅटच्या खाली जाऊ नका, आणि प्युअर साइन वेव्हच (लाईनसारखी गुळगुळीत वीज) पाहिजे. नव्या सप्लायमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (वीज नीट ओढायचं सर्किट) असते, पायऱ्यांच्या वेव्हवर काही सप्लाय तिथंच मान टाकतात. बॅकअप पाच मिनिटं मिळाला तरी पुरे, सेव्ह करून बंद करा लागते एवढंच.

इन्व्हर्टरचा विचार सोडा. बदलायला तो साधारण १० ते २० मिलिसेकंद घेते, यूपीएस मोडवर नसला तर आणखी जास्त. एटीएक्स ३.१ ची अट पूर्ण लोडवर फक्त १२ मिलिसेकंद तग धरायची. म्हणजे लाईन गेली की मशीन रीस्टार्ट होऊ शकते. वरून पंखे, दिवे, ६३० वॅटची मशीन, ९०० व्हीए ओव्हरलोड. त्यावर राउटर ठेवा, बस.

मंद दिव्यांसाठी मल्टिमीटर घ्या आणि व्होल्टेज तीन वेळा मोजा: सकाळी, दुपारी, संध्याकाळी साडेसातला. १७० व्होल्टच्या खाली जात असेल तर यूपीएस सारखा बॅटरीवर जाते आणि वर्षभरात बॅटरी बसते. मंग यूपीएसच्या आधी २ केव्हीएचा स्टॅबिलायझर लावा, १४० व्होल्टपासून घेणारा.

अर्थिंग तपासल्याबिगर पैसे गुंतवू नका. न्यूट्रल आणि अर्थमध्ये २-३ व्होल्टच्या वर दिसलं तर गडबड आहे. अर्थ तुटलेला असला तर कॅबिनेटले हात लावल्यावर मुंग्या येतात. सप्लायच्या फिल्टरमधले कपॅसिटर बॉडीवर ११५ व्होल्टच्या आसपास ठेवतात, म्हणून. करंट थोडाच असते, पण एचडीएमआय लावता-काढता पोर्ट उडू शकते. कोळसा-मीठ भरून खड्डा नीट करून घ्या, उन्हाळ्यात त्यात पाणी टाका.

वीज कडकडायला लागली की प्लग काढा. ब्रॉडबँड तांब्याच्या वायरीनं येत असेल तर लॅनची वायर पण.

वाळ्याची_ताटी

तापमानाचं कोणीच बोललं नाही, आणि मे महिन्यात तिथेच फसतं. रिव्ह्यू बहुतेक २०-२५ अंशांच्या खोलीतले असतात. तिथे प्रोसेसर ७५ दाखवत असेल तर आपल्या ४२ च्या खोलीत तो ९२ वर जाईल, आणि या प्रोसेसरची मर्यादा ९५. वर ही मशीन स्वतः ६०० वॅट उष्णता खोलीत सोडते. दार-खिडकी बंद ठेवून चालणार नाही.

म्हणून मेमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्के करा. ३६० चे २८८ होतात, फ्रेम त्या मानाने फार थोड्या पडतात. प्रोसेसर ६५ वॅट इको मोडवर (बायोसमधला कमी वीज खाणारा मोड) टाका, गेममध्ये कळणारही नाही.

मशीन कूलरच्या (खोलीतल्या, प्रोसेसरच्या नव्हे) झोतात ठेवू नका. बोअरच्या पाण्याचे क्षार बारीक तुषारांबरोबर आत जातात आणि हीटसिंकच्या पात्यांवर पांढरा थर धरतो. तो फुंकून जात नाही. जमिनीवरही नको. कापूस वेचणीत आणि तुरीच्या मळणीत फिल्टर आठवड्याला धुवा, एरवी महिन्याला. आत येणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा एकाने जास्त ठेवा, म्हणजे धूळ फटीतून नाही, फिल्टरमधूनच येते.

एआयओबद्दल सरपंचांशी सहमत: काढा. गेममध्ये हा प्रोसेसर दोन टॉवरच्या एअर कूलरने आरामात सांभाळला जातो. उंची १५५ ते १६५ मिमी, कॅबिनेटची मर्यादा बघा. पंप गेला तर नवा मागवून येईपर्यंत मशीन बंद, आणि १२० चा पंखा यवतमाळात त्याच दिवशी मिळतो.

पऱ्हाटी७७

एअर कूलर, बी८५०, ६००० च्या दोन स्टिक, १००० वॅट ३.१ असं करतो. बोर्ड, प्रोसेसर, रॅम नागपूरला सीताबर्डीतच जोडून, चालू करून बघून बसने आणलं तर?

सॉकेट_सरपंच

चालेल. टेबलावरच बायोसपर्यंत आणा आणि एक्स्पो लागतो का बघा. बिलावर सिरियल नंबर टाकून घ्या, वॉरंटीला लागतो. मग एअर कूलर काढूनच बसमध्ये बसा. किलोभराचं वजन प्रत्येक खड्ड्याला बोर्डाला हिसका देतं. कार्ड त्याच्याच खोक्यात, मांडीवर. प्रोसेसर सॉकेटमध्येच राहू द्या, बोर्डासोबत आलेली काळी टोपी मात्र फेकू नका. आणि थर्मल पेस्टची जास्तीची ट्यूब घ्या. कूलर परत बसवताना जुनी पुसून नवी लावावी लागेल, ती घाटंजीत शोधत फिराल.