भयकथा लिहिणाऱ्यांना असलं सुचतं तरी का?

रातवा (नाशिक):
सात वर्षं भयकथा लिहितेय. परवा नवी कथा आईला वाचून दाखवली. त्यात दहाव्याला कावळा शिवत नाही, आणि मेलेला माणूस शेजारी बसून स्वतःच्याच पिंडाकडे बघत म्हणतो, ‘अळणी भात मी जन्मात खाल्ला नाही, आता काय खाणार?’ आई खुदकन हसली आणि लगेच भडकली. “असलं अभद्र सुचतं तरी कसं तुला?”

सुचलेलं नाही, ऐकलेलं आहे. आप्पांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या दहाव्याला रामकुंडावर दीड तास थांबलो होतो. सगळ्यांनी हात जोडून वचनं दिली. आजीला सांभाळू, वाटण्यांवरून भांडणार नाही. कावळे समोरच्या पत्र्यावर बसून होते, एक खाली येईना. तेवढ्यात पुढून कुणीतरी ते अळणी भाताचं बोललं, बहुतेक काका. सगळे तोंडाला रुमाल लावून हसले. नऊ दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेली आजी त्यानंतर ढसाढसा रडली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

मला भीतीची गोष्ट लिहावीशी वाटते ती त्या हसण्या-रडण्यातल्या क्षणासाठी. तुम्ही का लिहिता किंवा वाचता?

जुनावाडा:
मला विनोद नको. वाचक हसला की सुटला. मग पुन्हा त्याला अंधारात ओढायला चार पानं खर्ची पडतात.

गार_वारा:
‘फ्रँकेन्स्टाईन’ लिहिणाऱ्या मेरी शेलीची पहिली मुलगी १८१५ साली दिवसांआधी जन्मली आणि दोन आठवड्यांच्या आतच गेली. तिचं नावही ठेवलं नव्हतं. मेरी तेव्हा १७ वर्षांची. मार्चमध्ये तिनं रोजनिशीत एक स्वप्न लिहिलंय: बाळ नुसतं गारठलं होतं, शेकोटीजवळ चोळलं तर जिवंत झालं. पुढच्याच वर्षी जिनिव्हाच्या सरोवराकाठी तिनं मेलेल्या देहांत जीव ओतणाऱ्या माणसाची गोष्ट लिहायला घेतली. त्या प्राण्यालाही कादंबरीभर नाव नाही. हे कळल्यापासून मला ते पुस्तक राक्षसाचं वाटतच नाही. अभद्र म्हणणाऱ्यांना हे सांगा.

रात्रपाळी:
मी वॉर्डात नर्स आहे. आमच्यात असे विनोद चालतात, पण ड्युटीरूमचं दार लावून. नातेवाइकांसमोर कधीच नाही. ज्याचं माणूस गेलं तो बोलला तर त्याचा हक्क, बाहेरचा बोलला तर क्रूरपणा. ताई, तुमच्या कथेत ते वाक्य मेलेल्याच्याच तोंडी आहे, म्हणून मला खटकलं नाही.

रातवा:
जुनावाडा, माझा अनुभव उलटा आहे. हसताना माणूस सैल पडतो, आणि नेमकं तेव्हाच पुढचं वाक्य आत शिरतं. आजीचं तेच झालं.

गार_वारा, ती रोजनिशीची गोष्ट काल आईला सांगितली. ती भाजी निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अळणी भाताचं काका नाही बोलला. तुझी आजीच बोलली होती. तू मागे उभी होतीस.”

कथा पुन्हा लिहायला घेतलीय. आता ते वाक्य बायकोच्या तोंडी आहे, आणि शेजारी बसलेला तो ऐकतोय.