‘कॉम्प्लेक्स’ ईटीएफ : क्लिष्ट, जटिल की गुंतागुंतीचा?

कर्वेनगरची अनुवादिका : एका युरोपीय ईटीएफचं, म्हणजे शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणाऱ्या फंडाचं, माहितीपत्रक मराठीत आणतेय. तिकडे २०१८ पासून मिफिड-२ हे गुंतवणूक विकण्याबाबतचे नियम लागू आहेत. गुंतवणुकीचं साधन ‘कॉम्प्लेक्स’ ठरलं, तर ग्राहकाला ते कळतं का हे विकणाऱ्याने आधी तपासायचं. ‘क्लिष्ट ईटीएफ’ चालेल?

सदाशिवपेठी : नको. क्लिष्ट असते भाषा, क्लेश वाचणाऱ्याला. माहितीपत्रक क्लिष्ट आणि आतला फंड सरळ, असं सर्रास असतं. किचकट म्हणजे केवायसीचा फॉर्म. ‘जटिल’ला सरकारी परिपत्रकाचा वास येतो. ‘गुंतागुंतीचा’ म्हणा. तसंही गुंता आणि गुंतवणूक ही ‘गुंतणे’चीच भावंडं!

मार्केट यार्ड : सरळ ‘जोखमीचा’ लिहा की. सांगायचं तेच ना?

कर्वेनगरची अनुवादिका : नाही हो, घोळ तिथेच होतो. आपल्याकडचा पहिला ईटीएफ, २००१ च्या अखेरीस आलेला निफ्टी बीज, घ्या. निर्देशांकात जे पन्नास शेअर, तेच त्याच प्रमाणात याच्या पोटात. यात गुंता कसला? पण बाजार आपटला की हाही आपटणार, म्हणजे जोखीम आहेच. आता निर्देशांकाच्या ‘रोज दुप्पट’ देणारा परदेशी ईटीएफ बघा. निर्देशांक १०० चा ११० झाला, दुसऱ्या दिवशी दहा टक्के पडून ९९. तोटा एक. दुप्पटवाला आधी १२०, मग वीस टक्के जाऊन ९६. तोटा दोन नाही, चार! कारण दुपटीचा हिशेब रोज नव्याने मांडतात. काही फंड तर निर्देशांकातले शेअर घेतच नाहीत, बँकेशी अदलाबदलीचा करार करतात: निर्देशांकाइतका परतावा बँकेने द्यायचा. मग बँकेच्या तब्येतीचीही काळजी आपल्याच डोक्याला.

मार्केट यार्ड : हं. एकाला चार. हे आमच्या आडतीवर खपलं नसतं.

कर्वेनगरची अनुवादिका : आता ‘रिटेल’. ‘किरकोळ गुंतवणूकदार’ लिहिलंय.

सदाशिवपेठी : पीएफची सगळी पुंजी लावलेल्या माणसाला किरकोळ म्हणायचं, तेही पुण्यात? ‘वैयक्तिक’ करा.

कर्वेनगरची अनुवादिका : छोटी कंपनीही तिथे ‘रिटेल’ गटात बसू शकते. वैयक्तिक कसं चालेल?

मार्केट यार्ड : घाऊक नाही तो किरकोळ. अपमान कसला त्यात? पेपरवाले रोज छापतात.

सदाशिवपेठी : छापोत. बरं, ‘नॉन-कॉम्प्लेक्स’चं काय केलंत? ‘साधा’ नका करू, डोशासारखं वाटतं.

कर्वेनगरची अनुवादिका : ‘बिनगुंत्याचा’.

सदाशिवपेठी : हा ठेवा.