एक्सझेडचा चोरदरवाजा: फुकटच्या कोडसाठी कंपन्यांनी पैसे मोजायलाच हवेत

सह्यकडा
२९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरने एक्सझेड युटिल्स या लिनक्सवर फायली दाबून लहान करणाऱ्या फुकटच्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा असल्याचं जाहीर केलं. त्याच्या डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) मशीनवर एसएसएच लॉगिनला, म्हणजे दुरून सुरक्षितपणे आत शिरायला, अर्धा सेकंद जास्त लागत होता, आणि तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला. मला मात्र त्याआधीचा, जून २०२२ चा पत्रव्यवहार जास्त छळतो. लासे कोलिन हा माणूस वर्षानुवर्षं हा प्रकल्प जवळपास एकट्याने सांभाळत होता. 'पॅच (कोडमधले बदल) कधी घेणार, नवा मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) कधी नेमणार' म्हणून अनोळखी नावं त्याच्या मागे हात धुऊन लागली. त्याने सांगितलं, मानसिक आरोग्याच्या दीर्घ त्रासामुळे काम होत नाही, आणि हे बिनपगारी हौसेचं काम आहे हेही ध्यानात घ्या. मदतीला 'जिया टॅन' तयारच होता, आणि पुढे चोरदरवाजा घुसवला तो याच नावाने.

२०१४ मध्ये हार्टब्लीड हा गंभीर दोष सापडला, तेव्हा ओपनएसएसएल या इंटरनेटवरच्या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचंही असंच झालं होतं: वापरणारे असंख्य, सांभाळणारे मोजके. जी कंपनी अशी लायब्ररी वापरते, तिने देखभालीचा खर्च उचललाच पाहिजे. झेरोधाने २०२४ मध्ये ओपन सोर्स (खुल्या, फुकटच्या कोडच्या) प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. एका ब्रोकिंग कंपनीला जमतं, तर बड्या आयटी कंपन्यांना काय धाड भरलीय?

रात्रपाळी
साफ असहमत. जिया टॅनने दोन वर्षांहून जास्त काळ नेमाने काम करून विश्वास कमावला. निधी असता तर पहिलं मानधन त्यालाच मिळालं असतं!

खरी भगदाडं तांत्रिक होती. घातक कोड चाचणीच्या बायनरी (माणसाला वाचता न येणाऱ्या) फायलींत दडवला होता. तो बाहेर काढणारी स्क्रिप्ट गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात, नव्हतीच; फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती. म्हणजे गिटवर कितीही डोळ्यांत तेल घालून वाचा, ती दिसणार नव्हती. शिवाय एसएसएच लॉगिन चालवणारं ओपनएसएसएच मुळात एक्सझेडची लायब्ररी वापरतच नाही. डेबियन, फेडोरासारख्या डिस्ट्रोंनी (लिनक्स बांधून वाटणाऱ्या प्रकल्पांनी) सिस्टमडी या लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी पॅच लावला, त्यातून ती आत शिरली. टारबॉल गिटशी ताडून बघा, नको त्या लायब्ऱ्यांवरची अवलंबित्वं छाटा. चेक फाडून हे होत नाही.

कोकणकन्या
तुम्ही दोघंही कंपन्यांच्या मर्जीवर सोडताय. युरोपियन युनियनचा सायबर रेझिलिअन्स ॲक्ट हा डिजिटल उत्पादनांच्या सुरक्षेचा कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला, मुख्य बंधनं डिसेंबर २०२७ पासून. वापरलेल्या ओपन सोर्स घटकांची शहानिशा उत्पादकाने करायची, दोष सापडला तर मूळ प्रकल्पाला कळवायचं. हौशी मेंटेनरला त्यातून वगळलंय. बाजारातून माल काढावा लागेल म्हटलं की कंपन्या हलतात.

सह्यकडा
रात्रपाळी, टारबॉलचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण ताडून बघणार कोण? दुसरी नजर म्हणजे दुसऱ्या माणसाचे तास. फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टच्या पगारावर पोस्टग्रेसचं काम करतो. अर्ध्या सेकंदामागे धावायची उसंत त्याला त्यातूनच मिळाली, असं मी मानतो.

रात्रपाळी
मग पगारी माणसं तपासणीला बसवा, डिस्ट्रोंकडे बसवा, माझी ना नाही. मेंटेनरच्या हातावर पैसे ठेवले की मागोमाग 'शुक्रवारपर्यंत फिक्स पाहिजे' हेही येतं. कोलिनला अनोळखी लोकांनी एवढं पिडलं. तेच लोक पैसे देणारे असते, तर 'सध्या जमत नाही' एवढं तरी त्याला म्हणता आलं असतं का?