बंडलमधल्या जादा स्टीम की वाटायच्या आहेत, पण कुणाला आणि कशा?

रंकाळा_रिस्पॉन:
नमस्कार मंडळी. हंबल बंडल या साइटवर बऱ्याच गेम एकत्र विकतात, त्यातली एखादी गेम पाहिजे असते म्हणून मी अख्खं बंडल घेतो आणि मग आधीच लायब्ररीत असलेल्या नाहीतर मी कधीच न खेळणाऱ्या गेमच्या की (स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात टाकला की गेम आपल्या अकाउंटवर येते तो कोड) तशाच पडून राहतात. विकायच्या अजिबात नाहीत, फुकट द्यायच्यात. मागं कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक की टाकली होती, ज्यानं उचलली त्यानं न खेळता दोनशे रुपयाला पुढं फिरवली, लई वाईट वाटलं. आता राजारामपुरीतला एक गेमिंग कॅफेवाला म्हणतोय सगळ्या मलाच दे, गरिबाची पोरं येऊन खेळतील. त्याचं म्हणणं पटतंय पण मन घेईना. आणि अजून एक, एका छोट्या डेव्हलपरनं टेस्टिंगसाठी दिलेली एक की आहे, ती कुणाला दिली तर चालतंय का?

पेठेतला_गोलकीपर:
भावा शेवटचं आधी सांगतो, टेस्टिंगची की कुणालाच द्यायची नाही. तिचे पैसे तू भरलेले नाहीस, तुझ्यावर विश्वास ठेवून तुझ्या मतासाठी दिलेली आहे ती. गेम बघायला वेळ नसेल तर त्याला सरळ मेल टाक, की अजून वापरली नाही म्हणून, तो दुसऱ्या टेस्टरला देईल.
कॅफेवाल्याला पण नको. स्टीमचं अकाउंट वैयक्तिक वापरासाठी असतंय, तासाला पैसे घेऊन खेळवायचं तर स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचा पीसी कॅफेंसाठी वेगळा प्रोग्राम आहे, तिथनं लायसन्स घ्यायचं. पोरं तासाचे पैसे भरणारच आहेत, मग त्यात गरिबाचं काय भलं झालं? तुझ्या दानावर त्याचा गल्ला भरायचा एवढंच.

शाहूपुरी_कोऑप:
मला दोनशे रुपयेवाल्या पोराबद्दल बोलायचंय. दिली म्हणजे दिली, त्याचं पुढं काय करायचं ते त्याचं तो बघेल. घरात अडचण असेल, फी भरायची असेल, आपल्याला काय माहीत?

पेठेतला_गोलकीपर:
अडचण असेल तर पैसे मागावेत की, देऊ आपण. पण की विकायची नाही हे हंबलच्या नियमातच आहे, आणि त्या ग्रुपवर खरंच खेळणारं एखादं पोरगं असणार, त्याच्या वाट्याची गेली ना. शिवाय विकणाऱ्यांचा बाजार कसला आहे बघ. फॅक्टोरिओ ही गेम बनवणाऱ्या वूब कंपनीनं तक्रार केली म्हणून जीटूए या की विकायच्या साइटवर तपासणी झाली तर वूबच्या १९८ की चोरीच्या निघाल्या आणि २०२० मध्ये जीटूएला जवळपास ४० हजार डॉलर भरायला लागले. चोरीच्या कार्डावर की घ्यायची, तिकडं विकायची, मग कार्डाचा मालक बँकेकडं जातो आणि पैसे परत करायचं, वर बँकेचा दंड भरायचा, सगळं डेव्हलपरच्या गळ्यात. तुझी की चोरीची नाही हे खरं, पण घेणाऱ्याला दोन्हीतला फरक कळत नाही, म्हणून तसल्या ठिकाणी आपली एक पण की जायला नको असं माझं ठाम मत आहे.

प्लेअर_टू_ताई:
दादा, ग्रुपवर उघडी की टाकूच नका. पब्लिक जागी टाकली तर बॉट, म्हणजे आपोआप की शोधणारे प्रोग्राम, क्षणात उचलतात, लोक शेवटचं अक्षर झाकून टाकतात तेवढ्यानं पण नेहमी भागत नाही. हंबलच्या पानावर की रिव्हील न करता, म्हणजे कोड उघडून न बघता, गिफ्ट लिंक काढता येते, ती एका माणसाला द्यायची. आणि काही कींना शेवटची तारीख असते, ती आधी बघा, योग्य माणूस शोधता शोधता की मरायला नको.
देताना मी एवढंच विचारते, मशीन कुठलं आहे आणि नेट कसलं आहे. रोजचा दोन जीबी डेटा असणाऱ्या पोराला सत्तर जीबीची गेम देऊन तो काय करणार? त्याला छोटी पझल गेम दिली तर तो त्याच रात्री खेळायला बसतो. बाकी स्टोरी टाक, फॉलो कर, रिव्ह्यू लिही असलं काही मागत नाही. मागितलं की ते देणं राहत नाही, सौदा होतो. थँक्यू आलं नाही तरी चालतं मला, पण गेम खेळली का हे आठवड्यानं विचारते, पुढची कुणाला द्यायची ते त्यावरनं कळतं.

शाहूपुरी_कोऑप:
ताईंचं पटलं. पण नुसतं ओळखीतल्यांनाच देत बसलो तर ज्याची कुणाशी ओळख नाही त्याला कधीच मिळणार नाही, ते पण बघा. निम्म्या ओळखीत, निम्म्या अनोळखी लोकांना असं करा.

रंकाळा_रिस्पॉन:
धन्यवाद सगळ्यांना. कॅफेवाल्याला नाही म्हणून कळवलं, डेव्हलपरला मेल केला. निम्म्या-निम्म्याचं मान्य. अनोळखी लोकांसाठी आत्ता दोन पझल आणि एक रेसिंग आहे, मशीनची माहिती लिहून मेसेज करा, रविवार रात्रीपर्यंत थांबतो, पहिला कोण आला ते बघणार नाही.

उजळाईवाडी_लॅपटॉप:
दादा मेसेज केलाय. आय-थ्री, आठ जीबी रॅम, ग्राफिक कार्ड नाही. रेसिंग चालणार नाही, ती दुसऱ्या कुणाला द्या, पझलमधली कुठली पण द्या.